घरचं गारीगार: रंग आधी पोटात, हातात नुसता पांढरा बर्फ

मोरपंखी
मंडळी, उन्हाळा लागला आणि लेकीने (इयत्ता तिसरी, हट्ट दहावीचा) घरी गारीगार करायचा धोशा लावलाय. बाहेरच्या गारीगारचे रंग बघता मलाही घरचंच बरं वाटतं.

कलिंगडाचा रस गाळून घेतला, त्यात साखर, लिंबू, चिमूटभर मीठ. साच्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी दिसायला झकास! पण चार वेळा चोखलं की रंग आणि गोडी दोन्ही गायब, काडीला नुसता पांढराफटक बर्फ. मोसंबीचंही तेच. आमरसाचं मात्र असं होत नाही, ते शेवटपर्यंत पिवळंधमक राहतं.

तर असं का होतं? उपाय काय? आणि कुठली फळं चांगली लागतात? इसेन्स, रंग नकोत. क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कही सुचवू नका, कुल्फी येते मला.

बंड्या पुणेकर
उपाय: कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा. धागा संपला.

खडीसाखर
बंड्या, दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं ना तुमचं, तेव्हा काय करायचं? :ड
मोरपंखी, माझाही हाच प्रश्न होता. कोकमाच्या सरबताचं केलं की हमखास होतं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

रंकाळ्याचा वारा
आता बोला! अहो ताई, शेवटी पांढरा बर्फ उरतोय हीच तर त्यातली मजा हाय. आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर सायकलीवर लाकडी पेटी घेऊन यायचा गडी. आधी सगळा लाल रंग ओढून घ्यायचा, जीभ काढून एकमेकांना दाखवायची, मग उरलेला बर्फ कडाकडा चावायचा. रंग टिकला तर जीभ कशी रंगणार? तुम्ही बिघाड समजून जे दुरुस्त करायला निघालाय ना, त्यालाच आम्ही गारीगार म्हणतोय.

खडीसाखर
हो, पण त्यात सॅकरिन आणि कापडाचा रंग असायचा, फळ नव्हे. चव गेली तरी जातंय काय? इथे चांगलं कलिंगड वाया जातंय.

रसायनवाला
प्रश्न चांगला आहे म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

पाणी गोठताना स्वतःपुरतंच गोठतं. स्फटिक बनताना त्यात साखर, रंग, आम्ल यांना जागा नसते, ते बाजूला ढकलले जातात. साच्यात गोठणं बाहेरून आत सरकतं, त्यामुळे कडेला जवळजवळ शुद्ध बर्फ तयार होतो आणि उरलेला पाक अधिकाधिक घट्ट होत मधे आणि स्फटिकांच्या फटींमधे साठतो. जितका घट्ट, तितका त्याचा गोठणबिंदू खाली. म्हणजे घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशालाही त्यातला थोडा भाग द्रवच असतो. तुम्ही चोखता तेव्हा या फटींमधला पाक आधी बाहेर येतो. बर्फाचा सांगाडा तेवढा मागे राहतो.

गोठणं जितकं संथ, तितके स्फटिक मोठे आणि फटी रुंद. कारखान्यात साचे खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं, कारण ते पाणी उणे ३० च्याही खाली नेलं तरी पातळ राहतं. तिथे काही मिनिटांत कांडी तयार होते, साखरेला पळायला वेळच मिळत नाही. आपल्या फ्रीझरमध्ये साच्याभोवती थंड हवा असते आणि हवा उष्णता फार हळू ओढून घेते, पाच-सहा तास सहज जातात.

आमरस का टिकतो? त्यात गर आहे, तंतू आहेत, पेक्टिन (फळातला घट्टपणा आणणारा चिकट पदार्थ) आहे. पाक त्या जाळ्यात अडकून बसतो, वाहत नाही. शिवाय चांगल्या हापूसच्या रसात मुळातच १६ ते २० टक्के गोडी असते. कलिंगडात जेमतेम ८ ते १०, बाकी पाणी. आणि मोरपंखी, तुम्ही तो रस गाळून घेतलात, म्हणजे जो काही गर होता तोही गेला.

तर उपाय दोन दिशांनी. एक, लवकर गोठवा. दोन, पाकाला धरून ठेवेल असं काहीतरी आत घाला.

बंड्या पुणेकर
माझ्या पहिल्या प्रतिसादात हे सगळं अध्याहृत होतं.

पाटावरची
रसायनवाले, सुरेख समजावलंत. दुसऱ्या दिशेबद्दल मी सांगते.

आमच्याकडे सासूबाई तवकिलाची (आरारूटची) पातळ पेज करून घालत. एक लिटर रसाला दोन चमचे तवकील, वाटीभर पाण्यात कालवून पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, गार करून रसात मिसळायची. चव अजिबात कळत नाही. तवकील नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं, पण ते नीट शिजवलं नाही तर जिभेवर पिठूळ लागतं. केकचं सामान मिळतं त्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतो, तोही दोन मोठे चमचे घालून बघा. बर्फाची भरड कमी होते.

कलिंगडाचा रस कधीही तापवायचा नाही हां. शिजवल्या भोपळ्याचा वास येतो. साखरेचा पाक वेगळा करायचा आणि पूर्ण गार झाल्यावर रसात घालायचा. आणि मिश्रण चाखताना जरासं जास्तच गोड लागलं पाहिजे. गारठलेल्या जिभेला गोडी कमी कळते.

गाळायचंच असेल तर पुरणयंत्रातून काढा, मलमलच्या फडक्यातून नको. जांभळाला तर पुरणयंत्राला पर्याय नाही. पिकली जांभळं मिठाच्या हाताने चुरून बिया सुट्या करायच्या, गर पुरणयंत्रातून काढायचा, त्यात साखर, काळं मीठ, किंचित मिरपूड. याचं गारीगार खाऊन झाल्यावर रंकाळ्याचा वारा यांनी खुशाल जीभ काढून दाखवावी. तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं) म्हणाल.

रंकाळ्याचा वारा
तोंपासु! जांभळाला आपला विरोध मागे.

खडीसाखर
पाटावरची ताई, कोकमाचं काय करू? माझ्याकडे गावाहून आलेल्या आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली आहे. त्याचं तर नीट गोठतच नाही, चिखल होतो.

वेंगुर्ल्याची वाट
गो बाय, आगळात मीठ किती आसता म्हायत आसा मां? ता सोलकढीसाठी. मीठ टिकवण्यासाठीच घातलेलं असतं, त्याचा बर्फ कसा धरणार? गारीगारासाठी अमृत कोकम घे. रतांबे (कोकमाची ताजी फळं) फोडून, आत साखर भरून, बरणीत उन्हात ठेवून जो पाक सुटतो तो. एक भाग पाक, तीन भाग पाणी, जिरेपूड. आणि कुल्फीच्या त्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात कोकम, कैरी, चिंच यातलं काही घालू नको, आंबट धातूला खातं आणि चव कळकते. स्टील नाहीतर प्लास्टिक.

करवंदांचा मोसमही आलाच. काळी करवंदं थोड्या पाण्यात एक वाफ काढून चाळणीवर घोटायची. चीक आणि बिया मागे राहतात. रंग असा येतो की बघत राहावं.

भर दुपारी
आमच्या नागपूरले संत्र्याचं करून पायलं तं दुसऱ्या दिवशी कडू! पूर्ण घरानं तोंड वाकडं केलं. मंग शेजारच्या काकूनं सांगतलं, का बापा रस काढतानी बी चेंदली तं कडू होते, अन् रस तसाच ठेवला तरी कडवटपणा वाढतच जाते. तवा बिया काढून हातानंच हलकं पिळाचं, अन् लगेच साच्यात. मिक्सर नाई.

दुसरं दुःख भारनियमन. अर्धं गोठलं का लाइन जाते, मंग पुन्हा गोठते. त्याचं काय करता सांगा.

रसायनवाला
भर दुपारी, वितळून पुन्हा गोठलं की बारीक स्फटिक विरघळतात आणि मोठे आणखी मोठे होतात. खरखरीत होतं ते त्यामुळे. लाइन गेली की फ्रीझरचं दार उघडू नका, एवढंच आपल्या हातात. साच्यांच्या बाजूला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर थंडी बराच वेळ टिकते.

संत्र्याच्या कडूपणाचं काकूंचं निरीक्षण अचूक आहे. त्याला कारण लिमोनिन नावाचं कडू द्रव्य. ताज्या फळात त्याचा बिनचवीचा पूर्वज असतो, रस काढल्यावर आम्लामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं.

टेक्सासवारी
धागा वाचून राहवलं नाही. इथे ह्यूस्टनमध्ये मेक्सिकन लोकांच्या 'पालेता'च्या (त्यांच्याकडचं गारीगार) गाड्या आणि दुकानं आहेत. मेक्सिकोत मिचोआकान राज्यात तोकुंबो नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या लोकांनी देशभर ही दुकानं काढली. गावाच्या वेशीवर चक्क कांडीचा भलामोठा पुतळा आहे. पालेता दोन जातीचे, पाण्यातले आणि दुधातले. पाण्यातल्यात फळाच्या फोडी तशाच घातलेल्या असतात. आंब्याला तिखट-मीठ लावून. चिंचेचाही मिळतो! पहिल्यांदा खाल्ला तेव्हा दादरच्या शाळेबाहेरची चिंच-मीठ गोळी आठवली.

मोरपंखी, तुमच्या प्रश्नाशी संबंध असा की ते लोक रस गाळण्याच्या भानगडीत पडत नाहीत. निम्मं फळ वाटून, निम्मं बारीक चिरून. त्यामुळे चोखून पाक गेला तरी दाताखाली फळ येतं.

आणखी एक. त्यांचा लालभडक 'हामायका' चवीचा पालेता म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं. तीच वनस्पती. वाळवलेल्या पाकळ्या पाण्यात उकळून, गाळून, साखर घालून.

भर दुपारी
अंबाडीची बोंडं! आमच्या इकडं त्याचं सरबत, चटणी सगळं होते. गारीगार कोनं केलं नोतं. आता करतो भौ. बोंडं हिवाळ्यात येतात म्हणा, पण आईनं वाळवून ठेवली असतीन.

सुताराचा नातू
कांडीचा शोध एका ११ वर्षांच्या पोराने लावला म्हणे. फ्रँक एपरसन, कॅलिफोर्निया, १९०५. सरबताच्या पेल्यात ढवळायची काडी तशीच राहिली, पेला रात्रभर ओसरीवर, थंडी पडली आणि सकाळी कांडी तयार. पेटंट मात्र १९२४ मध्ये घेतलं.

बंड्या पुणेकर
पुण्यात हे होणं शक्य नव्हतं. पेला रात्रीच कोणीतरी घासून पालथा घातला असता, वर ऐकवलं असतं.

खडीसाखर
बंड्या, पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.

चाळीतली चंपा
तुम्ही सगळे काड्यांच्या मागे, पेप्सीला विसरलात! लांबट प्लास्टिकच्या नळीतली. आमच्या चाळीत दर मे महिन्यात कोणीतरी काकू विकायच्या. फ्रीज सगळ्यांकडे नव्हता, त्यामुळे ज्यांच्याकडे होता त्यांचा रुबाब. नरसाळ्याने सरबत भरायचं, तोंड मेणबत्तीवर दुमडून चिकटवायचं. आठ आणे. काला खट्टाला जास्त गिऱ्हाईक, म्हणून ती आधी संपायची. पोरं दुपारी दार वाजवून वाजवून काकांची झोप मोडत, काकांनी शेवटी दारावर पाटीच लावली होती, 'पेप्सी ४ नंतर'.

मोरपंखी, तुमच्या लेकीला नळ्या द्या. नळीत रंग जातो कुठे? वितळलेलाही आतच राहतो, खालून ढकलायचं आणि प्यायचं. प्रश्नच मिटला.

पाटावरची
चंपा, ही युक्ती खरंच चांगली आहे. फक्त पिशव्या खाद्यपदार्थांसाठीच्या घ्या आणि पूर्ण भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, नळी फाटते आणि फ्रीझरभर काला खट्टा होतो. साच्यांनाही तेच, वर बोटभर जागा ठेवायची.

डोंबिवली फास्ट नाही
आठवणी छान आहेत, पण एक सांगू का? त्या पेप्सीतलं पाणी कसलं असायचं देव जाणे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. कावीळ, विषमज्वर बर्फातून पसरतात. महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आला तो याचसाठी, की मासळी आणि मालवाहतुकीचा बर्फ गोळ्यात आणि सरबतात जाऊ नये.

रंकाळ्याचा वारा
तोच खाऊन मोठं झालोय की आपण सगळे.

डोंबिवली फास्ट नाही
जे आजारी पडले ते इथे लिहायला नाहीत, काका. घरी करताना उकळून गार केलेलं पाणी वापरा, एवढंच म्हणणं आहे. बाकी चालू द्या.

मोरपंखी
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कलिंगडाला तवकील आणि अमृत कोकम नक्की करणार. पाणी उकळूनच घेते, डोंबिवलीकर.

एक उपप्रश्न. आजोबांना मधुमेह आहे आणि नातीच्या हातचं त्यांनाही हवंय. साखर न घालता केलं तर?

रसायनवाला
दगड होईल. साखर फक्त गोडीसाठी नसते, तिच्यामुळेच थोडा पाक न गोठता राहतो आणि कांडी दाताने तुटते. सगळी धरून १५ ते २० टक्के गोडी असावी. कलिंगडाच्या लिटरभर रसात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर घातली की १७ टक्क्यांपर्यंत जाते. पंचवीसच्या खूप वर गेलात तर घरच्या फ्रीझरमध्ये नुसता गाळ. मध घातलात तर साखरेपेक्षा अधिक मऊ होतं. मीठ तर फारच जपून.

आजोबांसाठी बिनसाखरेचं करायचं तर कांडी न करता ताटलीत पातळ थर गोठवा आणि काट्याने खरवडून वाटीत द्या. ताकाचं करा. जिरं, मीठ, आलं, कोथिंबीर. आमरस मात्र 'घरचा आहे' म्हणून त्यांना चालेल असं समजू नका, त्यातली साखर ही साखरच.

बंड्या पुणेकर
मठ्ठ्याचं गारीगार. आता जिलबीचं पण सांगा.

पाटावरची
बंड्या, तुम्हाला एक कामाचं सांगते. अननस आणि दूध कच्चं एकत्र गोठवू नका. अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि सगळं कडू होतं. अननस पाकात चांगला उकळून घेतला की काही होत नाही. (मोरपंखीने दूध नको म्हटलंय, ठाऊक आहे, पण कोणीतरी करणारच.)

पेरू कोणीच कसा सुचवला नाही? पिकलेल्यात एखादा अर्धकच्चा घालून थोड्या पाण्यात शिजवायचा आणि चाळणीवर घोटायचा. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे तवकील वगैरे काही लागत नाही. वरून तिखट-मीठ. टेक्सासवारी यांच्या आंब्याला तोडीस तोड.

मटकेवाला
मी बहुतेक वाचनमात्र असतो, पण रसायनवाले 'लवकर गोठवा' म्हणाले आणि पुढे कसं ते सांगितलंच नाही म्हणून लिहितो. वडिलांचा कुल्फीचा धंदा होता.

मटक्यात बर्फ फोडून घालायचा, त्यात खडे मीठ. मीठ लागल्यावर बर्फ वितळतो, पण वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो. म्हणून मटक्यातलं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं. सिद्धांताने उणे २१ पर्यंत, आमच्या मटक्यात तेवढं जात नसे. तरी फ्रीझरपेक्षा लवकर होतं, कारण साच्याला चारी बाजूंनी खारं पाणी भिडलेलं असतं, हवा नव्हे. पॉट आईसक्रीमचंही तंत्र हेच.

घरी करायचं तर बादली, तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग खडे मीठ. साचे स्टीलचे, घट्ट झाकणाचे. झाकण सैल असलं की मीठ आत गेलंच. साचे आधी फ्रीजमध्ये गार करून घ्या, रसही गार. मग बादलीत उभे करून अधूनमधून हातात घेऊन फिरवत राहायचं, म्हणजे मधे पाक साठत नाही. अर्ध्या-पाऊण तासात धरतं. काडी धरण्यापुरतं घट्ट झालं की मग घाला, सरळ उभी राहते. नंतर फ्रीझरमध्ये टाका, मुरू द्या.

काढताना गरम पाणी वापरू नका, वरचा थर सुटतो. नळाच्या पाण्यात बुडवून लगेच काढा.

रसायनवाला
मटकेवाले, दंडवत. मी पानभर लिहिलं, तुम्ही बादली दिलीत.

मोरपंखी
केलं! रविवारी बादलीचा कारखाना काढला. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी साचे फिरवायला, घरभर मिठाचं पाणी.

दोन प्रकारे केलं, म्हणजे फरक कळेल. कलिंगडाचा न गाळलेला रस, तवकील घालून, निम्मे साचे बादलीत आणि निम्मे थेट फ्रीझरमध्ये. थेट फ्रीझरवाल्यांत तवकिलामुळे फरक पडला, पण शेवटचा इंचभर फिकाच. बादलीवाल्यांत रंग जवळजवळ काडीपर्यंत टिकला आणि चावायलाही मऊ. अमृत कोकमाला तवकील घातली नव्हती, ते बादलीत करूनही थोडं पांढरं पडलं. म्हणजे नुसती घाई पुरत नाही, गर किंवा तवकील हवीच, असं दिसतंय.

पण मुलींचा निकाल वेगळाच लागला. सगळ्यात जास्त मागणी कोकमाला. का, तर त्याने जीभ रंगते.

रंकाळ्याचा वारा
बघा! मी काय म्हणत होतो!!

बंड्या पुणेकर
यांना आता आठवडाभर आवरता येणार नाही.

खडीसाखर
मोरपंखी, फोटो कुठेत? आणि काड्या कुठून आणल्यास? मी चमचे उभे करते, ते सगळे एका बाजूला कलंडतात.

मोरपंखी
फोटो काढेपर्यंत उरलं नाही काही. काड्या स्टेशनरीच्या दुकानात नको घेऊस, तिथल्या रंगवलेल्या हस्तकलेच्या असतात. केकच्या सामानाच्या दुकानात साध्या बर्च लाकडाच्या मिळतात. बादली करायची नसेल तर साच्यावर फॉइल ताणून लाव आणि चीर पाडून त्यातून काडी खोच, कलंडत नाही.

भर दुपारी
आईकडं बोंडं निघाली. डबाभर. टेक्सासवाले भौ, पाणी किती अन् साखर किती, सांगा लवकर. लाइन आहे तवर करून घेतो.

टेक्सासवारी
मूठभर पाकळ्यांना लिटरभर पाणी, दहा मिनिटं उकळा, झाकून तसंच गार होऊ द्या, गाळा. साखर १५० ग्रॅमपासून सुरू करून चाखत वाढवा, फार आंबट असतं. दालचिनीचा तुकडा घातलात तर उत्तम. आणि यात गर नाही, तेव्हा पाटावरची ताईंची तवकील विसरू नका.